चौथीच्या वर्गातला घट

आश्विन लागला की आमच्या गावावर एक निराळाच उकाडा उतरतो. पावसाने पाठ फिरवलेली असते, थंडी अजून सातपुड्याच्या पलीकडे असते, आणि या दोहोंच्या मधल्या दिवसांत वारा कुणीतरी कोठारात घालून वर कुलूप लावल्यासारखा नाहीसा होतो. केळीची पाने दुपारी मधल्या शिरेवर मिटून खाली लोंबतात. कपाशीची बोंडे तडकू लागतात, आणि असोद्याकडून येणाऱ्या मोटारसायकलींची धूळ उडते ती खाली बसायलाही विसरते. याच दिवसांत मी बसतो. बसतो म्हणजे देवीपाशी बसतो.

आमच्या घराण्याचा नेम असा आहे की प्रतिपदेला ज्याने अखंड दीप लावला, त्याने दशमीपर्यंत पुढच्या दाराचा उंबरा ओलांडू नये. मागे परसदार, विहीर आणि तुळस एवढी मोकळीक. पूर्वी हे जाणवत नसे. मी आणि माझी सहधर्मचारिणी आळीपाळीने दिव्यापाशी असायचो, घरात चार माणसे वावरत असायची. आता घरात मी आणि समई. चिरंजीव दीपनगरच्या वसाहतीत राहतो, वीजनिर्मितीच्या कामात आहे. तो दर वर्षी दूरध्वनीवरून विचारतो, "बाबा, इन्व्हर्टरवर चालणारा दिवा आणू का? विझायची भीतीच नको." मी म्हणतो, "ज्याच्या विझण्याची भीती नाही, त्याच्यापाशी बसायचे तरी कशाला?" तो हसतो. मीही हसतो. पण रात्री वात पुढे सारताना मनात येते, की आपण दिव्याला राखतो आहोत की दिव्याने आपल्याला धरून ठेवले आहे?

बांधलेल्या माणसाचे कान तीक्ष्ण होतात. माझ्या दारासमोर अरुंद गल्ली आहे आणि गल्लीपलीकडे प्राथमिक शाळा. चौथीच्या वर्गाची खिडकी माझ्या ओसरीच्या अगदी समोर येते. एरवी ती खिडकी मला दिसतच नाही, कारण एरवी मी बाहेर असतो. आश्विनात मात्र ते माझे सगळे जग असते. पाढे, हजेरी, खिचडीची भांडी, कुणाच्या तरी पाठीत बसलेला धपाटा, हे सारे मला घरबसल्या कळते.

यंदा घट बसला त्या दिवशी त्या खिडकीतून नव्या मुलांचे आवाज आले आणि दोन वर्षांपूर्वीचा आश्विन मनात जागा झाला.

त्या वर्षी चौथीला वर्षा मॅडम होत्या. माहेर धुळ्याकडचे, वय तिशीच्या आत, आणि अंगात न संपणारा उत्साह. शनिवारी मुलांनी दप्तर आणायचे नाही, हा शाळेचा नियम. इतर वर्गांत त्या दिवशी गाणी होत आणि बाराच्या आत घंटा वाजे. वर्षा मॅडमच्या वर्गात शनिवार म्हणजे कारखाना असे. एकदा मुलांनी केळीच्या खोडाच्या सोपटाचे दोर वळले आणि त्या दोरांनी शाळेचा व्हरांडा मोजला. एकदा अंगणात काठी रोवून तिची सावली तासातासाला खडूने आखली. एकदा वर्गात बाजार भरला. एका मुलीने भरताची वांगी मांडली, आणि मॅडमनी भाव उतरवायचा प्रयत्न करताच ती म्हणाली, "परवडत नशीन तर पुढे चाला!" सारा वर्ग हसला, मॅडमही हसल्या. बोलण्याच्या ओघात मॅडमच्या तोंडी त्यांच्या माहेरची बोली येई. त्या "हे काय आहे?" ऐवजी "हाई काय शे?" म्हणाल्या की आमच्याकडची मुले "शे, शे!" करून नाचत. मॅडम रागावत नसत.

माझे शिक्षण अगदी उलट रीतीने झाले. वेदपाठशाळेत आम्ही मांडी घालून बसत असू. गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा म्हणत असू. लिहायचे नाही, विचारायचे नाही, इकडेतिकडे बघायचे नाही. त्यामुळे ही दोर वळणारी आणि वांगी विकणारी पोरे पाहून प्रथम मला वाटले, की यात विद्या कुठे आहे? मग एका दुपारी समईपाशी बसलो असता ध्यानात आले, की आमच्याही हातांना मोकळीक नव्हती, पण काम होते. स्वर खाली गेला की हात खाली, वर गेला की हात वर. गुरुजी डोळे मिटून ऐकत आणि तरीही म्हणत, "हात चुकला तुझा." कारण हात चुकला की स्वर चुकतोच. शब्द कंठात राहतो असे आपण म्हणतो, पण माझ्या कंठातले निसटलेले कित्येक शब्द आजही हात हलवला की परत येतात. त्या दिवसापासून समोरच्या खिडकीविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला.

नवरात्रातल्या पहिल्या शनिवारी, तिसऱ्या माळेच्या दिवशी, मॅडमनी गव्हाचा प्रयोग मांडला. पत्र्याची दोन पसरट ताटे, त्यांत शेतातली काळी माती, वर भिजवलेले गहू. एक ताट खिडकीत उजेडाला ठेवायचे, दुसरे भिंतीतल्या कपाटात अंधारात. कोंब वर आले की ताटांची अदलाबदल करायची आणि उजेडाने काय होते, अंधाराने काय होते, ते मुलांनी स्वतः पाहायचे. साधाच प्रयोग. मुलांनी माती आणली, खडे वेचले, पाणी शिंपडले. मला सगळे ऐकू येत होते.

त्या मुलांत तेजल नावाची एक मुलगी होती. केळीवाल्या पाटलांची नात. तिचे आजोबा प्रतिपदेच्या पहाटेच वारले होते. देवघरात घटाची माती चाळून ठेवलेली होती, आणि घट बसण्याऐवजी घरातून तिरडी उठली. अर्थात त्या घरी त्या वर्षी घट नाही. दोन दिवस पोरीचे रडणे थांबेना, म्हणून तिसऱ्या दिवशी आईने तिला शाळेत धाडले, चार मुलांत मन रमेल म्हणून.

मन रमलेही. पोरीने काय केले, तर मधल्या सुटीत खिडकीतल्या ताटाच्या मध्यभागी पाणी भरलेला एक लहान तांब्या रोवला. शाळेच्या आंब्याची पाच पाने त्यात खोचली आणि हात जोडून डोळे मिटले. काळी माती, गहू, पाणी, आश्विन महिना. आमच्याकडच्या कोणत्याही मुलाला यातून दुसरे काही सुचले असते तरच नवल. सुटीवरून परतलेल्या मुलांनी ते पाहिले आणि कुणी काही न सांगता चपला दाराबाहेर काढल्या. सोमवारी खिडकीवर झेंडूची माळ लोंबू लागली. मंगळवारी दुसरी. मॅडमना त्यात काही वावगे वाटले नाही. उलट त्यांनी छायाचित्र काढून शिक्षकांच्या गटात पाठवले.

बुधवारी सकाळी, सातव्या माळेला, अदलाबदलीची वेळ आली. खिडकीतले कोंब बोट-बोट उंच झाले होते. मॅडम म्हणाल्या, "चला, आता हे ताट कपाटात ठेवू." वर्गातून कोणी उठेना.

"मॅडम, घट हालवू नही."

"अरे, हा प्रयोग आहे ना आपला?"

"तांब्या ठेवला ना त्याच्यात. देवी बसली. आता दसऱ्यालेच उठती."

मॅडमनी स्वतः हात पुढे केला तर दोन मुली रडू लागल्या. मॅडमनी हात मागे घेतला.

एवढ्यावरच राहिले असते तर प्रयोग बुडाला असता आणि कुणाचे काही बिघडले नसते. पण दुपारपर्यंत ही गोष्ट सुमनअक्कांच्या कानी गेली. सुमनअक्का माझ्या शेजारीण. नवरात्रात माझी भगर, दाण्याची आमटी आणि केळी त्याच आणून देतात. हाताने उदार, जिभेने कडक. त्यांची नात त्याच वर्गात. ताट माझ्यापुढे ठेवता ठेवता अक्का म्हणाल्या, "आबा, आयकलं का? चौथीत घट मांडला म्हने पोरायनं. अन् मांडला कोनी? त्या तेजलनं! घरात सुतक, अन् पोरगी शाळेत देवी बसवती. आता माही नात रोज त्या घटाले फुलं वाह्यते. काय म्हनावं याले?"

मी ताट पुढे ओढले. अक्का मात्र गल्लीत पुष्कळ म्हणाल्या असाव्यात, कारण तासाभरात शाळेच्या दारात सातआठ आया जमल्या. त्यांच्यात दोन पक्ष पडले. एक म्हणे, बाटलेला घट आत्ताच्या आत्ता नदीला न्या आणि खोली धुऊन काढा. दुसरा म्हणे, कसाही बसो, बसलेला घट मध्येच उचलला तर पोरांवर कोप होईल. ठेवताही येईना आणि उचलताही येईना. निर्णय होईपर्यंत कुणीच आपले पोर त्या खोलीत बसू देईना. सारा वर्ग व्हरांड्यात उन्हाच्या तिरपीत बसला. खोलीचे दार लोटलेले, आत देवी एकटी, आणि वर्गाच्या रांगेपासून दोन हात दूर, खांबाशी, एकटी तेजल. तिला तिथे कोणी बसवले ते मला कळले नाही. कदाचित कोणीच नाही. मुलेच थोडी थोडी सरकली असतील.

मला ती खांबाशी दिसत होती. तिने मान खाली घातली होती आणि ती नखांतली काळी माती काढत होती. एका बोटाची झाली की दुसऱ्या बोटाची. सगळी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

चारच्या सुमारास सगळे माझ्या दाराशी आले. पुढे मॅडम, त्यांच्यामागे अक्का आणि आया, आणि सर्वांच्या मागे तेजल. मी आत, ते बाहेर, मध्ये उंबरा. मॅडमचा चेहरा उतरला होता. "आबा, मी काय करू? बठ्ठं अडकी गयं, सगळंच अडकलं. उद्या वर्ग कुठे भरवू? वरून विचारणा झाली तर काय सांगू, की गव्हामुळे खोली बंद आहे?"

"तुमी शास्त्र शिकेल मानूस," अक्का म्हणाल्या. "तुमी सांगसान ते आमी ऐकू. सुतकातला घट चालतो का नही, एवढं सांगा."

किती सरळ प्रश्न! आणि त्याचे उत्तरही तितकेच सरळ होते. सुतकात देवतेची स्थापना करू नये. तशी केली तर ती स्थापनाच नव्हे. ते पाण्यात खोचलेली आंब्याची पाने आणि मातीत रुजलेले गहू, एवढेच. माझ्या या एका वाक्याने खोली उघडली असती, मॅडम सुटल्या असत्या, प्रयोग पुढे गेला असता आणि दोन्ही पक्ष घरी गेले असते. सगळे मोकळे झाले असते, एक सोडून. त्या वाक्याचा अर्थ तेजलच्या हाताला कळला असता आणि तो हात जन्मभर ते विसरला नसता.

मी दुसऱ्या वाटा शोधू लागलो. आरंभलेल्या व्रताला सुतक बाधत नाही, असे सांगितले आहे. पण हिने सुतकातच आरंभ केला. लहानाला नियम शिथिल असतात. पण इतकेही लहान नव्हे. अजाणता घडलेल्याला दोष अल्प; पण अल्प म्हणजे आहेच. एकेक दार ढकलून पाहावे आणि ते बंद निघावे, असे चालले होते. ज्या विद्येत मी पन्नास वर्षे अंगणात फिरावे तसा फिरलो, तिच्या भिंती मला त्या दुपारी प्रथमच दिसल्या. मागे समई जळत होती. तिच्या समोर खोटे बोलणे मला शक्य नव्हते. बाहेर पाऊल टाकून त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवणेही शक्य नव्हते. उंबरा पुढे, दिवा मागे, आणि मध्ये मी.

"तेजल, पुढे ये," मी म्हणालो.

बायका बाजूला झाल्या, जरा जास्तच बाजूला झाल्या. ती उंबऱ्यापासून दूरच उभी राहिली.

"घट का मांडलास?"

"घरी मांडला नही यंदा." आवाज अगदी बारीक होता. "आजोबाचा कधीच चुकला नही. ते म्हनत, आपली माय वाट पाह्यते."

"मांडताना काय म्हणालीस?"

"आजोबा म्हनत तेच. बस माय, इथी बस."

"आणखी काही?"

"नही. तेवढंच येतं मले."

अक्कांचा पदर तोंडाशी गेला. पण त्यांचा स्वभाव त्यांना सोडीना. "ते समदं खरं हाये आबा, पन सुतक लागतं का नही, ते सांगा ना."

"लागते," मी म्हणालो.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. तेजल माझ्याकडे पाहतच राहिली.

"सुतक हिला लागते," मी पुढे म्हणालो, आणि हे वाक्य पुरे कसे होणार हे ते उच्चारेपर्यंत मला ठाऊक नव्हते. "देवीला नाही लागत. अक्का, तुमच्या दारी पाहुणी आली आणि मग कळले, की हिला बोलावणारा सुतकातला आहे. तर तुम्ही पाहुणीला हाकलून द्याल का?"

"असं कसं हाकलू?"

"मग ही पाहुणी आहे. तिला इथून उठवून दुसरीकडे बसवायचे असेल तर कोण सांगणार? मी नाही. तुम्ही नाही. मॅडम नाहीत. आपल्यापैकी कुणी बोलावलीच नाही तिला. जिने 'बस माय' म्हटले, तिनेच 'ऊठ माय' म्हणावे. दुसऱ्या कुणी हात लावला तर तो अपमान होईल."

मग एक बाई हळूच म्हणाली, "म्हनजे तेजलनंच उचलायचं?"

"दुसऱ्या कुणालाही अधिकार नाही."

तेजल वळली. मॅडम तिच्यामागे गेल्या आणि त्यांच्यामागे बायका. मी खिडकीकडे पाहत बसलो. वर्गात शिरलेली तेजल मला खिडकीत समोरून दिसली. तिने तांब्यापुढे हात जोडले. बाहेर इतके शांत झाले होते की तिचे बोलणे गल्ली ओलांडून माझ्यापर्यंत आले.

"माय, ऊठ जराशी. तिकडं कपाटात बसशीन का? अंधार हाये, पन आमाले पाह्यचं हाये काय होतं ते. दोनच दिवस. मंग पुन्हा उजेडात ठेवीन."

आणि तिने ताट उचलले. ते तिच्या मानाने जड होते, तांब्यातले पाणी हिंदकळले, पण कुणी हात लावायला धजले नाही. तिने एकटीने ते कपाटात नेऊन ठेवले. मग कपाटातले दुसरे ताट, त्यातले पिवळेधमक कोंब घेऊन, खिडकीत आणून ठेवले. ते ताट नुसत्या गव्हाचे होते. त्याला कुणाचीच हरकत नव्हती.

मी सांगितले ते कोणत्या ग्रंथात आहे, असे मला कुणी विचारले नाही. बरे झाले. ते कोणत्या ग्रंथात आहे हे मलाही ठाऊक नाही. घरात ग्रंथ आहेत, चष्मा आहे, नऊ दिवसांचा वेळ आहे. या दोन वर्षांत मी एकदाही शोधून पाहिलेले नाही. नसले तर मी शास्त्राच्या नावाने स्वतःचे बोललो, असे होईल. असले तर ते मला इतकी वर्षे का आठवले नाही, या विचाराने झोप लागणार नाही. म्हणून पोथ्या बासनात आहेत आणि मी त्यांच्यासमोर बसतो. मुले एक प्रयोग करून मोकळी होतात. काय झाले ते पाहतात आणि पाटीवर लिहितात. आम्हा जुन्या माणसांना ताट उचलून पाहायची सवयच लागली नाही.

वर्षा मॅडमची पुढच्या वर्षी चाळीसगावकडे बदली झाली. तेजल आता वरच्या वर्गात, मोठ्या शाळेत जाते. समोरच्या खिडकीत यंदा गहू नाहीत, कुणीतरी कागदाचे पतंग चिकटवले आहेत. मी आहे तिथेच आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मॅडमनी कपाट उघडले. मुलांची झुंबड उडालेली मला दिसली. उजेडात गेलेले पिवळे कोंब हिरवे झाले होते, आणि अंधारात गेलेले हिरवे कोंब शेंड्याला हिरवे पण बुडाशी, नव्याने वाढले तिथे, हळदीसारखे पिवळे. मॅडम विचारत होत्या, "का झालं असं? कोण सांगेल?" आणि मुले सगळी एकदम ओरडत होती. मग मॅडमनी कात्री तेजलच्या हाती दिली आणि म्हटले, "आता वाटून दे सगळ्यांना." ओरडा थांबला. आमच्याकडे हे घटाचे कोंब टोपीत, कानावर, केसांत खोचतात. पण ते खोचायचे म्हणजे तेजलच्या हातून घ्यायचे. तेजल मूठ पुढे करून उभी होती. एवढ्यात वर्गाची रांग त्या खिडकीच्या चौकटीबाहेर सरकली आणि पुढे काय झाले ते मला दिसले नाही. मी मान किती लांब करणार! उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो तरी दिसेना. शाळा सुटल्याचा गलबला झाला, गल्ली भरली आणि रिकामी झाली. पाठमोऱ्या डोक्यांवर काही आहे की नाही, हे माझ्या डोळ्यांना दुरून कळले नाही.

दिवेलागणीला अक्का ताट घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे भगर वाढली, केळे सोलून ठेवले, ऊन किती झाले ते सांगितले. मी मात्र त्यांच्या डोक्याकडे पाहत होतो. अंबाड्यात, कानामागे, चारपाच कोंब खोचलेले होते. शेंड्याला हिरवे, बुडाशी पिवळे.

माझी नजर त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी हात वर नेला आणि पदर सारखा केला.

"काय करू मंग?" त्या जवळजवळ भांडल्याच. "दारात येऊन उभी राह्यली. जा म्हनलं तर हालेच ना. म्हने, अक्का, वाका. वाकले मी. खोसलंच तिनं."

मी केळ्याचा तुकडा मोडला. अक्का जायला वळल्या आणि दारातून परत आल्या.

"आबा, फिटलं असन ना हो आता तिचं सुतक?"

फिटले नव्हते. दहावा दिवस अजून उजाडायचा होता. माझ्याइतके ते त्या गावात कुणाला नेमके ठाऊक नसावे.

"अक्का," मी म्हणालो, "मीठ जरा कमी पडले आहे आज."

"आनते," त्या म्हणाल्या, आणि पदर डोक्यावरून न घेता तशाच गल्लीतून गेल्या.